खापर आणि द्विवचन

मुलगी बारावीत आहे. ब्रिटनमध्ये पुरातत्त्व आणि क्लासिक्स एकत्र शिकायचं म्हणते. ग्रीक-लॅटिनचा गंध नाही. जमेल का? – एक आई, नाशिक

जमेल. क्लासिक्स म्हणजे तिथे ग्रीक-रोमन जग. शाळेत लॅटिन न झालेल्यांसाठी केंब्रिजला चार वर्षांचा क्लासिक्सचा अभ्यासक्रम आहे. ऑक्सफर्डला अभिजात पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहास यांची जोडपदवी आहे, तिला भाषेची अट नाही. तरी भाषा घ्यायला सांगा. खणायला सुट्टीत शिकता येतं, धातुरूपं सुट्टीत होत नाहीत. दहावीला संस्कृत होतं का? मग विभक्ती आणि द्विवचन पाहून ती दचकणार नाही. ग्रीकमध्येही द्विवचन आहे.

एक विषय मातीचा, एक पोथीचा. दोन्ही कशाला? – विद्यार्थी, सातारा

आर्थर एव्हान्सने 1900 पासून क्रीटमधलं नोसोस खणलं. मातीच्या लेखपट्ट्या ढिगाने निघाल्या, पण ही भाषा ग्रीक नव्हे, असं तो शेवटपर्यंत धरून बसला. 1939 मध्ये कार्ल ब्लेगनला ग्रीसच्या मुख्य भूमीवर, पायलॉसला, त्याच लिपीतल्या पट्ट्या सापडल्या. (कच्च्या मातीच्या त्या. राजवाडा जळला म्हणून भाजल्या आणि टिकल्या.) शब्दांची शेवटं बदलतात, म्हणजे विभक्ती-प्रत्यय असावेत, हे अ‍ॅलिस कोबरने ताडलं. 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिपी उलगडली. तो पेशाने वास्तुविशारद! ती भाषा ग्रीकच निघाली. शंका घेणारे होतेच. मग ब्लेगनने पायलॉसची एक नवी पट्टी या किल्लीने वाचून पाहिली. तिपाई भांड्यांच्या चित्राशेजारी ‘ति-रि-पो-दे’, पुढे आकडा दोन. शब्द द्विवचनी! चार कानांच्या भांड्यापाशी ‘क्वे-तो-रो-वे’. त्रिपाद आणि चतुर् कानात असलेल्या मराठी माणसाला हे वाचून गंमत वाटते.

भांडं मातीने दिलं, द्विवचन व्याकरणाने.

नोकरी? – वडील, ठाणे

इंग्लंडमध्ये 1990 पासून बांधकामाआधी जमिनीखालच्या अवशेषांचा विचार नियोजन परवानगीतच होतो, त्यामुळे उत्खननाचं काम बरंचसं खासगी कंपन्यांकडे असतं. काम चिखलात, पगार बेताचा. तिथे लॅटिन कोणी विचारत नाही. गाडी चालवता येते का, हे विचारतात.

परदेश परवडणार नाही. इथे काही? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं पदव्युत्तर शिक्षण आहे आणि संस्कृत कोशाचं कामही त्याच आवारात चालतं. जोडीला प्राकृत आणि ब्राह्मी घ्या. तुमच्याच ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. ती समुद्रापारहून आली, हे शैलीवरूनच कळतं. कार्ल्याच्या लेण्यातले खांब इतके सरळ बोलत नाहीत. धेनुकाकट गावच्या यवनांनी (यवन म्हणजे मुळात ग्रीक) त्यातले काही दान दिले, असं त्यांवरच्या कोरीव लेखांत आहे, पण एका यवनाचं नाव सिहधय, म्हणजे चक्क सिंहध्वज. ग्रीक माणसाने नाव बदललं, की तोवर ‘यवन’ शब्दाचाच अर्थ सैलावला होता? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. कार्ल्याला जाल तेव्हा ब्राह्मीची वर्णमाला खिशात ठेवा आणि मला खोडून काढा.