बोनेट गार असताना जा

प्रश्न : नुकताच निवृत्त झालोय आणि वर्षानुवर्षं मनात असलेला जुना ट्रॅक्टर आता घ्यायचाच, असं ठरवलंय. दोन पाहून आलो. दोन्ही फर्ग्युसन 35, दोन्ही 1957-58 चे. एक पेट्रोलचा, नव्याने रंगवलेला. दुसरा चार सिलिंडरचा डिझेल, रंग पार उडालेला, पण मालक सांगतो, "अर्ध्या सेल्फला उठतो." काम फार नाही. दोन एकरांतलं गवत कापायचं, अधूनमधून ट्रॉली ओढायची, वर्षातून एखाद्या वेळी जुन्या यंत्रांच्या मेळाव्याला न्यायचा. मित्र म्हणतो, डिझेलच घे, पेट्रोलवाला टाकी पिऊन टाकेल. घरचे म्हणतात, काहीच घेऊ नका. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : घरच्यांच्या मताबद्दल मी तोंड उघडत नाही, माझ्याकडे चार उभे आहेत.

तुमचा मित्र खोटं बोलत नाही. सारख्या कामाला जिथे तीन लिटर पेट्रोल लागतं, तिथे डिझेलचं दोन-सव्वादोन लिटरमध्ये भागतं. हलक्या कामावर आणि नुसतं फुरफुरत उभं असताना तर डिझेल फारच कमी खातं. पण तुमचा हिशेब मांडून बघा. गवत आणि ट्रॉली धरून वर्षाला 30 तास चालेल, खूप झालं. ताशी दीड लिटरचा फरक धरला तरी वर्षाचे 45 लिटर. एकदा डिझेलचा पंप खोलून बांधायची वेळ आली, की अशी कित्येक वर्षांची बचत त्या एका बिलात जाते. रोज नांगरट असती तर मी तुमच्या मित्राच्या बाजूने बोललो असतो.

आता त्या डिझेलबद्दल. 35 मध्ये सुरुवातीला जे चार सिलिंडरचं डिझेल यायचं, ते स्टँडर्ड कंपनीचं 23सी नावाचं इंजिन, 2258 सीसी. थंडीत उठायला ते कुप्रसिद्ध आहे. त्यात इंधन थेट पिस्टनच्या डोक्यावर न पडता बाजूच्या लहान कक्षात पडतं, आणि थंड इंजिनात त्या कक्षाच्या भिंतीच हवेची उष्णता खाऊन टाकतात. 1959 मध्ये त्या जागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं 3.152 आलं. ते थेट फवाऱ्याचं. लोक आजही "तीनवाला" शोधत फिरतात, ते उगाच नाही. तुम्हाला तीनवाला मिळत असता तर हे उत्तर निम्म्यात आटपलं असतं.

"अर्ध्या सेल्फला उठतो" हे वाक्य मी एकदा पूर्ण किंमत मोजून विकत घेतलंय. माझा पहिला डिझेल मी भर दुपारी पाहिला होता. बोनेटला हात लावला तर कोमट लागलं. मी म्हटलं, ऊन आहे. मालकाने बटण दाबलं, गडी लगेच बोलायला लागला, मी पैसे मोजले. हिवाळ्यातल्या पहिल्या सकाळी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास, बाकी काही नाही. पुढचे दोन हिवाळे तो उतारावर उभा करायचो, चाकाखाली वीट. सकाळी वीट काढायची, गिअर टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. शेवटी हेड उतरवलं. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या, वरच्या कडेला बोट फिरवलं तर नख अडकलं, इतकी पायरी पडली होती. एका पिस्टनच्या रिंगा, म्हणजे हवा अडवणारी कडी, काजळीत चिकटून बसल्या होत्या.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट किंवा त्याहून जास्त दाबायची, ती तापते, त्यात डिझेल उडवायचं. रिंगा झिजल्या की हवा खाली निसटते आणि तिच्याबरोबर उष्णताही. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात दाब जेमतेम सहा पट असतो आणि पेटवायला प्लग बसलेला असतो, म्हणून झिजलेलं पेट्रोल इंजिन कुरकुरत, धूर काढत का होईना, उठतं.

म्हणून दोन्ही ट्रॅक्टर पुन्हा बघा, पण सकाळी लवकर. मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बोलण्याआधी बोनेटवर आणि मग सायलेन्सरवर हात ठेवा. गरम असेल तर नमस्कार करून परत या.

डिझेल गार असूनही उठला, पांढरा धूर मिनिटभरात विरला आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफेच्या इंजिनासारखे फुसकारे येत नसतील, तर रंगाकडे बघू नका, तोच घ्या. चांगलं उठणारं 23सी असतंच, विरळा असतं इतकंच. उठला नाही तर हीटर, म्हणजे सुरू करण्याआधी ते लहान कक्ष तापवणारे प्लग, तपासायला सांगा. बऱ्याच जुन्या इंजिनांत ते एकामागोमाग जोडलेले असतात, एक जळाला की सगळे थंड. मालक ईथरचा डबा (इंजिन लवकर पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारायचा फवारा) घेऊन आला तर मात्र चार पावलं मागे सरका. हीटर असलेल्या इंजिनात ईथर मारणं म्हणजे हेड फुटायला आमंत्रण.

पेट्रोलवाल्याचं वेगळं. तो खरंच पेट्रोलचा आहे का, हे आधी बघा. त्या काळात 35 रॉकेलवर चालणाराही निघत असे. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर न्यायचा. टाकीत लहान-मोठे दोन कप्पे दिसले, तर तो रॉकेलचा. त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबायचं प्रमाण, कमी असतं, पेट्रोलवर चालतो पण ताकद थोडी कमी. आयुष्यभर रॉकेल प्यायलेल्या इंजिनाच्या ऑइलची दांडी काढून हुंगा. न जळलेलं रॉकेल खाली उतरून ऑइल पातळ करतं, बेअरिंगं त्यानेच जातात. नंतर डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडा, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट काळे पडलेत का बघा. पेट्रोलवाल्याची दहातली आठ दुखणी पॉइंट, कंडेन्सर आणि कार्बोरेटर यांतच असतात, आणि ती पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरने घरी बरी होतात. डिझेलचा पंप घरी उघडायचा नसतो. नोझलचा फवारा बोटाने तपासायचा तर अजिबात नाही, तो कातडीतून आत घुसतो.

दोघेही पहाटे सारखेच वागले, तर तुमच्या 30 तासांसाठी मी पेट्रोलवाला घेईन.

प्रश्न : माझा पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर सहा वर्षं उभा आहे. टाकीला रंगाच्या दुकानासारखा वास येतोय. नवं पेट्रोल ओतून चालू करू का?

उत्तर : नको. तो वास म्हणजे पेट्रोलचं वार्निश झालंय. टाकी उतरवून धुवा, नळी नवी घाला, कार्बोरेटर खोलून जेटमधून उजेड आरपार दिसेपर्यंत साफ करा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जुनी रबरी नळी आणि गास्केट फुगतात, तेही बदला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हाताने फिरवा. फिरला तर बाकीचं सोपं आहे. न फिरल्यास जोर लावू नका, मला परत लिहा.

प्रश्न : फर्ग्युसनच्या 35 आधीच्या टीई20 ट्रॅक्टरमध्ये डिझेल इंजिन बसवता येईल का?

उत्तर : येतं, आणि नवीन काही नाही. पर्किन्सचं पी3 हे डिझेल इंजिन बसवायचे संच 1950 च्या दशकातच मिळत होते, आणि 1951 पासून कंपनीचाच डिझेल टीई20 होता. असा जुना बदल केलेला मिळाला तर घ्या. पण चांगलं चालणारं पेट्रोल इंजिन काढून हे करणार असाल, तर काढलेलं इंजिन विकू नका. दोन वर्षांनी तुम्हीच ते शोधत फिराल. मी फिरलोय.