स्टोअरबाईंना विचारा: पशुखाद्य जूनमध्येच का संपते?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची शेतकऱ्यांची खरेदी-विक्री संस्था गोव्यात फोंडा तालुक्यात आहे. एक मुख्य भांडार, चार शाखा. खत, पशुखाद्य, बियाणे, कीटकनाशके आणि थोडा किराणा. चार वर्षांपूर्वी सगळीकडे संगणक बसवले. त्यातून चाळीसेक प्रकारचे रिपोर्ट निघतात. तरी गेल्या जूनमध्ये पशुखाद्य पाच दिवस नव्हते, आणि त्याच आठवड्यात एका शाखेत मुदत संपलेल्या कीटकनाशकाचे दोन खोके सापडले. आता काही संचालक म्हणतात, डॅशबोर्डवाले नवे सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे चेअरमनना मोबाइलवर सगळे दिसेल. कोटेशन साडेतीन लाखांचे आहे. घ्यावे का? – सचिव

उत्तर : साडेतीन लाख एवढ्यात देऊ नका. आधी आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी उघडा आणि पशुखाद्याच्या ओळीत 'रीऑर्डर लेव्हल', म्हणजे साठा कितीवर आला की मागवायचे, हा रकाना बघा. तिथे शून्य असेल, पैजेवर सांगते. मी ज्या ज्या संस्थांचे संगणक उघडून बघितले, त्यांतल्या बहुतेकांत ते शून्यच होते. सॉफ्टवेअर बसवणारा मुलगा दोन दिवसांत नावे, दर आणि जीएसटी भरून गेलेला असतो. सचिवांना वाटते हा आकडा क्लार्कने भरला, क्लार्कला वाटते तो संगणक आपणच काढतो.

तो काढायचा कसा? माझी आई चौथी शिकलेली, पण तिला हा हिशोब येत होता. मे महिना आला की घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची : तांदूळ, मिरच्या, सोलां, चिंच, सुकी सुंगटां, चुलीची लाकडे. तिचा सवाल एकच असायचा, पाऊस लागला की म्हापशाच्या बाजाराला किती दिवस जाता येणार नाही? रोज मिरच्या किती लागतात हे तिला ठाऊक होते. दोहोंचा गुणाकार करायचा आणि वर पाहुणा आला तर म्हणून मूठभर. ऑफिसात गेल्यावर मला कळले की त्या दिवसांना लीड टाइम आणि त्या मुठीला सेफ्टी स्टॉक म्हणतात.

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून मनाचे घेते. रोज १४ पोती खपतात आणि ऑर्डर दिल्यापासून ट्रक दारात यायला ६ दिवस लागतात. १४ गुणिले ६, झाली ८४. पण जूनमध्ये चोर्ला घाटात एक झाड आडवे पडले की ट्रक तिथेच अडकतो, म्हणून आणखी ३ दिवसांची ४२. एकूण १२६. भांडारात १२६ पोती उरली की त्याच दिवशी ऑर्डर जायला हवी. 'संपत आले हो' असे शाखेतून फोनवर कळते तेव्हा १५ उरलेली असतात, आणि पुढचे पाच दिवस गाईवाल्यांची बोलणी खायची पाळी तुमच्यावर येते. पावसाळ्यासाठी आकडा वेगळा ठेवा, जानेवारीत तीन दिवसांची ती भर लागणार नाही. हा बदल मे महिन्यात कोणी करायचा, त्याचे नाव ठरावात लिहा.

हा आकडा भरला की दुसरे दुखणे वर येईल. यादीत एकच पोते तीन नावांनी सापडेल : 'पशुखाद्य ५०', 'पशु खाद्य ५० किलो' आणि कुणीतरी घाईत टाकलेले 'कॅटल फीड'. तिघांचा साठा वेगवेगळा, म्हणजे १२६ची घंटा कधी वाजणारच नाही. आणि एखाद्या नावापुढे वजा ७ दिसेल. वजा पोती म्हणजे काय? संध्याकाळी ट्रक आला, गिऱ्हाईक उभेच होते, पोती ट्रकवरूनच विकली, बिल फाडले. माल आल्याची नोंद मात्र पुरवठादाराचे बिल टपालाने आले तेव्हा, चार दिवसांनी. त्या चार दिवसांत चेअरमननी मोबाइलवर डॅशबोर्ड बघितला तर त्यांना हीच वजा ७ दिसणार, फक्त रंगीत चकतीत.

म्हणून नियम करा : माल उतरला की सोबत आलेल्या डिलिव्हरी चलनावरून त्याच वेळी नोंद, बिल मागाहून येऊ दे. त्याच नोंदीत कीटकनाशकाची मुदतही पडते. खोके फोडून, बाटलीवर छापलेली तारीख बघून ती घाला. तारखेशिवाय नोंद पुढे सरकत नाही म्हणून कुणीतरी '३१ डिसेंबर' ठोकून दिलेले मी पाहिले आहे. खताचे आणखी वेगळे. अनुदानाचे खत २०१८ पासून देशभर पीओएस मशीनवर (विक्रीची नोंद करणारे यंत्र), आधार घेऊन विकले जाते. त्या मशीनमधला साठा एक, तुमच्या बिलाच्या संगणकातला दुसरा आणि गोदामातला तिसरा. आठवड्यातून एकदा हे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहायला लावा. पहिले महिनाभर ते जुळणार नाहीत. भांडू नका, फरक कुठून येतो ते तेवढे शोधा.

'सिस्टिमने सांगितले' या वाक्याची मला एवढी चीड का, तेही सांगते. डिचोलीकडच्या एका खनिज कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी नोकरी झाली. सुरुवातीला प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड टांगलेले असे, एक फिल्टर गेला की पेन्सिलीने एक कमी. मग संगणक आला. तो मागच्या बारा महिन्यांच्या खपाची सरासरी काढून दर एक तारखेला खरेदीची यादी छापायचा : डंपरचे टायर इतके, होज इतके, बकेटचे दात इतके. काम सोपे झाले, ते नाकारत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या. डंपर रांगेत उभे, ड्रायव्हर घरी. आणि एक ऑक्टोबरला यादी छापून आली, टायरांसकट! बारा महिन्यांच्या सरासरीत खाण अजून चालूच होती ना. मी वर चिठ्ठी पाठवली की हे टायर कोणत्या गाडीला लावायचे. उत्तर आले, सिस्टिमने सांगितलेय. सही झाली. महिन्याभराने नव्या टायरांचा ट्रक गेटवर उभा, आणि उतरवून घ्यायला माणूस नाही. ते टायर शेडमध्ये ऊन खात कडक झाले.

पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबणार हे कळले. त्या वेळी मी कोणाला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रीऑर्डरच्या सगळ्या रकान्यांत शून्य घातले, चहा नंतर घेतला.

संचालकांना मोबाइलवर 'सगळे' दिसायला हवे आहे, त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. रसेल ॲकॉफ नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९६७ मध्येच लिहून ठेवले आहे की व्यवस्थापकाला उपयोगाच्या माहितीची टंचाई असते हे खरे, पण त्याहून मोठा त्रास बिनकामाच्या माहितीच्या ढिगाऱ्याचा असतो. त्याच लेखात एका कंपनीचा किस्सा आहे. तिथल्या संगणकाने जास्तीत जास्त किती साठा ठेवायचा तो आकडा आणि कितीवर आले की मागवायचे तो आकडा एकच धरला होता. त्यामुळे माल जरा कमी झाला की ऑर्डर निघायची. हाताने चालणारी जुनी पद्धत त्याहून स्वस्त पडत होती, आणि संगणक नेमके काय करतो हे साहेबांना कधी विचारावेसे वाटले नव्हते. साठ वर्षे होत आली, रकाना तोच.

तुमच्या चाळीस रिपोर्टांपैकी मंडळाच्या बैठकीत तीनच न्या : मागवण्याच्या पातळीखाली गेलेला माल, ९० दिवसांत मुदत संपणारा माल, आणि सहा महिन्यांत न हललेला माल. प्रत्येक ओळीपुढे हाताने एक रकाना आखा, 'काय ठरले'. दोन बैठका होऊनही तो कोराच राहिला तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. आणि एक पावसाळा असा नीट काढल्यावरही जुने सॉफ्टवेअर अपुरे वाटले, समजा भांडार आणि चार शाखांचा साठा एकत्र दाखवत नाही किंवा शाखांमधली बदली नीट धरत नाही, तर नवे जरूर घ्या. तेव्हा काय मागायचे हे तरी तुम्हाला ठाऊक असेल. विक्रेत्याला तुमचाच महिन्याभराचा डेटा देऊन चालवून दाखवायला सांगा, त्याच्या नमुन्यावर भुलू नका.

प्रश्न : काणकोणला आमचे आठ खोल्यांचे गेस्ट हाऊस आहे. भाचा म्हणतो, मामी, मागच्या तीन वर्षांची बुकिंगे एआयला दे, खोलीचा दर तोच ठरवेल. भरवसा ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण अर्धा. तुमच्या बुकिंगांत जे राहिले त्यांची नोंद आहे, परत गेले त्यांची नाही. २८ डिसेंबरला आठही खोल्या भरल्या होत्या हे एआयला दिसेल, पण त्या दिवशी फोन करून 'खोली आहे?' विचारणारे आणखी तीन होते की तीस, हे त्याला कोण सांगणार? तीन असतील तर दर बरोबर होता, तीस असतील तर तुम्ही स्वस्तात दिल्या. तेव्हा फोनशेजारी एक वही ठेवा : तारीख, कोणत्या दिवसांसाठी विचारले, दर ऐकून नाही म्हटले की खोली नव्हती. एका मोसमाची ही वही भाच्याच्या हाती द्या, मग त्याच्या एआयला सांगण्यासारखे काहीतरी असेल. चतुर्थीला येणारे मुंबईतले आपले नातेवाईक मात्र त्या हिशोबात धरू नका, ते दर विचारत नाहीत!

प्रश्न : मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. आम्ही सगळे मॅनेजरच्या नावानेच लॉगिन करतो, कारण त्याच पासवर्डने सगळे उघडते. बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घेतो आणि तो गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. यात काही चूक आहे का?

उत्तर : दोन्हींत आहे, आणि पहिली तुमच्याच गळ्यात येईल. उद्या एखादी नोंद बदललेली सापडली तर संगणक मॅनेजरचे नाव दाखवणार, मॅनेजर तुमच्याकडे बोट दाखवणार आणि तुमच्या हाती काहीच पुरावा नसणार. स्वतःचे लॉगिन लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे सॉफ्टवेअरमध्येच लावून घेता येते.

पेनड्राइव्ह एक नको, दोन घ्या, आड-दिवसाने आलटूनपालटून, आणि त्यांतला एक कायम दुसऱ्या इमारतीत, कुलपात. गल्ला फुटला किंवा पावसाचे पाणी आत शिरले तर संगणक आणि ड्रॉवर एकदमच जातात. महिन्यातून एकदा त्यातला बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवून उघडतो का तेही बघा. आमच्या स्टोअरात रोज टेप भरून, तारीख घालून ठेवत होतो. गरज पडली त्या दिवशी कळले की टेपचे यंत्र आठ महिन्यांपासून कोरीच टेप बाहेर टाकत होते.