वंगण कुठं, तेल कुठं

भाषांतरात नवा आहेस म्हणून सांगतो, इंग्रजी ‘लुब्रिकेशन’ (यंत्राला तेल-ग्रीस देणं) मराठीत कुठं कसं आणायचं ते. ‘स्नेहन’ पाठ्यपुस्तकात ठेव. कारखान्यात वंगण घालतात, नाहीतर सरळ ऑइलिंग-ग्रीसिंग. ‘वंगण’ हा बैलगाडीच्या काळापासूनचा शब्द आहे. आमच्या आजोबांच्या गाडीखाली बांबूचं नळकांडं लटकायचं, आत काळंकुट्ट वंगण. चाक करकरलं की काठीला चिंधी गुंडाळून आसाला फासायचे. धोतरावर डाग पडला की आजीची बोलणी ठरलेली.

लाच देऊन काम हलवलं तर ‘वंगण घातलं’ चालतं, पण मी ‘हात ओले केले’ किंवा ‘फाइलवर वजन ठेवलं’ घेईन. खुशामत असेल तर लोणी लावतात. तेल मात्र जपून: आगीत ओतलं तर भांडण वाढतं, डोळ्यांत घातलं तर पहारा होतो.