पावडर बदलण्याआधी कपडा उलटा करून बघा

तुमच्या चार तक्रारी आहेत: काळे टी-शर्ट सहा महिन्यांत राखाडी पडले, ट्रॅक पँटचं इलॅस्टिक सैल झालं, टॉवेल पाणी टिपत नाहीत आणि ठेवणीतल्या स्वेटरला कपाटातल्या कपाटात भोकं पडली. आणि प्रश्न एकच, की कुठली पावडर घेऊ. पावडर आहे तीच राहू द्या. या चारही गोष्टींत ब्रँडचा हात फारच थोडा असतो.

मी बरीच वर्षं कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. रफू, चेन, अस्तर, कॉलर उलटवून लावणं. कपडा नेमका कुठे विरलाय हे रोज हाताखालून जातं, आणि तो अंगावर जितका झिजतो त्याहून जास्त धुताना झिजतो असं माझं ठाम मत झालंय.

तुमचा राखाडी पडलेला टी-शर्ट घ्या आणि उलटा करून उजेडात धरा. आतून तो बहुतेक अजून चांगला काळा दिसेल. म्हणजे सगळा रंग पाण्यात गेलेला नाही. बाहेरच्या बाजूचं सूत घासून घासून तुटलंय, त्याची बारीक टोकं लव आल्यासारखी उभी राहिली आहेत आणि त्या लवेमुळे कपडा फिका दिसतो. थोडा वाटा उन्हाचाही असतो, पण मोठा वाटा घासण्याचा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सांगावं लागत नाही. गडद कपडे उलटे करून धुवायचे, उलटेच वाळत घालायचे. चेन लावून टाकायची, कारण उघड्या चेनचे दात शेजारच्या कपड्यावर कानशीसारखे चालतात. बटणं मात्र सोडून ठेवायची, नाहीतर काजाच्या कडा ताणल्या जातात. हुकवाले आणि नाजूक कपडे जाळीच्या पिशवीत.

रंगाप्रमाणे कपडे वेगळे करायची सवय सगळ्यांना असते, पण वजनाप्रमाणे कुणी करत नाही. जीन्स, टॉवेल आणि पातळ टी-शर्ट एकत्र फिरले की पातळ कपड्याचे हाल होतात. जड एकीकडे, हलके दुसरीकडे. मशीन भरल्यावर कपड्यांच्या वर तळहात उभा मावेल एवढी जागा राहिली पाहिजे. ठासून भरलेल्या मशीनमध्ये कपडे नीट निघतही नाहीत आणि एकमेकांवर घासतात मात्र भरपूर. रोजच्या मळाला ३० अंशांचं पाणी आणि छोटी सायकल पुरते. टॉवेल, चादरी, आजारी माणसाचे कपडे यांना ६० अंश द्या.

मळेल तेव्हाच धुवा, हेही तितकंच महत्त्वाचं. आतले कपडे आणि मोजे रोज धुवायचे, त्यात चर्चा नाही. पण तासाभरासाठी घातलेली जीन्स किंवा आत शर्ट असताना वर घातलेला स्वेटर लगेच धुण्यात टाकू नका. हवेशीर जागी रात्रभर टांगला की पुष्कळदा तेवढं पुरतं. घामाने भिजलेला कपडा मात्र ताटकळत ठेवू नका. काखेतले पिवळे डाग बऱ्याचदा घाम आणि घाम रोखणाऱ्या डिओमधले अॅल्युमिनियमचे क्षार यांच्या मिलाफातून पडतात. त्यावर क्लोरीनवालं ब्लीच ओतलं तर पिवळेपणा वाढू शकतो. पांढऱ्या सुती कपड्याला ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात कालवून अर्धा-एक तास भिजवा. रक्ताचा डाग नेहमी गार पाण्यात, गरम पाण्याने तो पक्का बसतो. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका.

आता टॉवेल. एक टॉवेल धुतल्यावर बादलीभर साध्या पाण्यात बुडवा आणि हाताने दाबा. पाणी दुधासारखं झालं किंवा फेस आला, तर तुम्ही पावडर जास्त घालताय. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज मनातून काढून टाका. न निघालेली पावडर सुतात बसते, टॉवेल कडक होतो आणि नवा मळही धरून ठेवतो. पाकिटावर लिहिलंय त्याहून कमीने सुरुवात करा, पाणी जड असेल तर थोडी वाढवा. सॉफ्टनर तर टॉवेलला लावूच नका. त्याचा मऊपणा म्हणजे धाग्यावर चढलेला पातळ थर असतो, आणि त्या थरामुळेच पाणी टिपलं जात नाही. व्यायामाच्या ताणणाऱ्या कपड्यांनाही तो नको.

इलॅस्टिकचा खरा शत्रू उष्णता. ताणणारा धागा गरम पाणी, ड्रायर, कडक इस्त्री आणि क्लोरीन या सगळ्यांनी मरतो, आणि एकदा मेला की कंबरेचा पट्टा बदलण्याखेरीज माझ्याही हातात काही उरत नाही. गार पाणी आणि सावली, एवढंच त्याचं पथ्य.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करता येईल का, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. नाही. रंगवताना मिठाचा उपयोग होतो, पण तयार कपड्याचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. रंग सोडणारा कपडा पहिले तीन-चार वेळा वेगळा, गार पाण्यात धुवा आणि भिजत ठेवू नका.

लोकरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे चूक झाली की ती परत फिरवता येत नाही. एक बाई माझ्याकडे स्वेटर घेऊन आल्या होत्या, जरा सैल करून द्या म्हणाल्या. मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा झाला होता आणि हाताला नमद्यासारखा लागत होता. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ऊब, पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. त्यामुळे लोकर कोमट पाण्यात, हाताने नुसती दाबून धुवा. खळबळतानाही पाणी तितकंच कोमट असू द्या. रोजची पावडर लोकरीला आणि रेशमाला नको: ती अल्कधर्मी असते आणि प्रथिनाचे डाग काढणारी त्यातली एन्झाइम्स या प्रथिनाच्याच धाग्यांवर चालून जातात. लोकरीसाठीचं द्रव डिटर्जंट घ्या. धुतल्यावर पिळू नका. कोरड्या टॉवेलवर पसरून गुंडाळा, वरून दाबा आणि आडवंच वाळवा. ओला स्वेटर टांगला की स्वतःच्या वजनाने लोंबतो.

पिळण्यावरून आठवलं. सूत ओलं झालं की अधिक मजबूत होतं, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा धागा) मात्र ओलेपणी निम्म्याच ताकदीचं उरतं. तुमचे झुळझुळीत टॉप शिवणीशी फाटत असतील तर हे कारण असू शकतं.

वाळवताना कपडा झटकून, शिवणी हाताने ओढून सरळ करा, सावलीत घाला. पांढऱ्या सुतीला ऊन चालतं, रेशमाला आणि नायलॉनला नाही. ड्रायर वापरत असाल तर जाळीत साठणारा तो मऊ भुगा एकदा हातात घेऊन बघा, तो तुमचाच कपडा आहे. थोडा दमटपणा असतानाच बाहेर काढा आणि दोरीवर वाळू द्या.

राहिला स्वेटर. आपण सरसकट ‘कसर लागली’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळे जीव येतात. चंदेरी, सरपटत पळणारा किडा खळीवर आणि कागदावर जगतो, म्हणून खळ लावलेले सुती कपडे तसेच ठेवून द्यायचे नाहीत. लोकर खाते ती एका बारीक, फिक्या सोनेरी पतंगाची अळी. उडणारा पतंग काहीच खात नाही. अळीला अंधार आणि शांतता लागते, आणि घाम किंवा अन्नाचे डाग असलेली लोकर तिला जास्त आवडते. म्हणून ‘एकदाच तर घातलाय’ म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर सगळ्यात आधी जातो. धुऊन, पूर्ण कोरडा करून, घडी घालून सुती कापडात गुंडाळा. इस्त्री केली असेल तर वाफ निघून जायला तासभर बाहेर राहू द्या. प्लास्टिकमध्ये जरासा ओलावा कोंडला तरी बुरशी येते. डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच काम करतात. त्या कपड्याला चिकटू देऊ नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तुमच्या कपाटात अळी आत्ताही असणार असं धरून चला. सगळे कप्पे रिकामे करून फटी आणि कोपरे व्हॅक्यूमने साफ करा, पिशवी लगेच घराबाहेर टाका. स्वेटर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. तोवर भोकाभोवतीचे सुटे धागे कापू नका, ओढूही नका. प्रत्येक सुट्या टाक्यात दोरा ओवून ठेवा, म्हणजे वीण खाली उसवत जाणार नाही. विणीतलं भोक अजून नखाएवढं असेल तर त्याच रंगाच्या लोकरीने ते असं बुजतं की शोधून सापडत नाही.