शंका-समाधान : अवकाशाचे फोटो, मूळ फाइल आणि क्रमांक

या वेळची बरीचशी पत्रे २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या आणि पाठोपाठ येणाऱ्या गणपतीच्या तयारीतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शाळेसाठी चार बाय तीन फुटांचे फ्लेक्स करून घेतले. नासाच्या संग्रहातून उतरवलेले फोटो मोबाइलवर झकास दिसत होते, छापून आले ते भुरकट. दोष छापणाऱ्याचा का?
(शिक्षिका, पंचवटी)

फार क्वचित. बहुतेक वेळा फोटो उतरवतानाच चूक झालेली असते. इमेजेस डॉट नासा डॉट गव्ह या संग्रहात फोटो उघडला की पडद्यावर दिसते ती त्याची लहान प्रत. त्यावर बोट दाबून धरून 'सेव्ह' केले की तीच लहान प्रत पदरात पडते. डाउनलोडचे बटण दाबा, आकारांची यादी उघडेल. त्यातला 'ओरिजिनल' घ्या. फाइल जड असेल, वेळ लागेल, पण तीच हवी.

आता हिशेब. चार फूट म्हणजे ४८ इंच, तीन फूट म्हणजे ३६. आठ-दहा फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला इंचाला १०० पिक्सेल पुरतात, म्हणजे फोटो ४८०० बाय ३६०० पिक्सेलचा हवा. लांब बाजू १२८० पिक्सेलची असेल तर इंचाला जेमतेम २७ पडतात. मुले हातात धरून बघतील अशा ए-४ छपाईला मात्र इंचाला ३०० हवेत. तिथे २४८० बाय ३५०८.

मूळ फाइल मिळाली तरी ती दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या फोटोसारखी पाठवू नका. तिथे फोटो आक्रसतो आणि फाइलच्या पोटातली माहिती, म्हणजे तारीख, फोटोखालची ओळ, क्रमांक, सगळी गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा सरळ पेन ड्राइव्ह घेऊन जा. फोटो चौकटीत बसत नसेल तर कडा कापायला सांगा, ताणायला नको. ताणलेला चंद्र अंड्यासारखा दिसतो आणि पहिलीतल्या मुलाच्याही ते लक्षात येते.

अवकाशाच्या फोटोंत काळा रंग फार. फ्लेक्सवर तिथे शाईचा जाड थर बसतो, आणि श्रावणातल्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. छापल्या छापल्या गुंडाळी केली तर काळा भाग चिकटतो, उलगडताना पापुद्रे निघतात. एक दिवस आधी छापून घ्या, उघडा वाळवा, मगच गुंडाळा. वर्गात ट्यूबलाइटची तिरीप फ्लेक्सवर चमकते. चार पैसे जास्त गेले तरी सनबोर्डवर (फोमच्या कडक पाटीवर) मॅट, म्हणजे न चमकणारे, विनाइल करून घेतलेले बरे.

आणि फोटो 'धारदार' करून देणाऱ्या अॅपपासून लांब राहा. नसलेला तपशील ते स्वतःच्या मनाने भरते. रॉकेटवरची अक्षरे वाकडी होतात, चंद्रावरच्या काळ्या आकाशात चांदण्या उगवतात. त्या फोटोंत चांदण्या नाहीत, कारण उन्हाने उजळलेली जमीन नीट यावी म्हणून कॅमेऱ्याची उघडझाप फार थोड्या वेळाची ठेवलेली होती.

मंडळाचा यंदाचा देखावा मंगळयानाच्या उड्डाणाचा आहे. बारा फुटी रॉकेट करायचे आहे, मागे तयारीचे फोटो. जमवलेल्या फोटोंत तीन वेगवेगळी रॉकेट्स दिसतात. खरे कोणते?
(मंडळाचे कार्यकर्ते, नाशिकरोड)

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी२५ या रॉकेटवरून गेले. हे पीएसएलव्हीचे एक्सएल रूप. ओळखायची खूण म्हणजे बुंध्याभोवतीची सहा बारीक नळकांडी, म्हणजे जास्तीचा जोर देणारी जोड-रॉकेटे. दोनच पण जाडजूड नळकांडी मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी बिलगलेली असतील तर तो एलव्हीएम-३, चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ चा. चार उंच नळकांडी बुंध्याला वेढून असतील तर जीएसएलव्ही. बाजूला काहीच नसेल तर पीएसएलव्हीचेच हलके रूप. गणपतीत सर्वांत जास्त दिसणारी चूक एकच : पाटी मंगळयानाची आणि चित्र एलव्हीएम-३ चे, कारण ते अंगाने भरदार दिसते. उंचीला मात्र पीएसएलव्ही त्याच्याहून थोडा जास्तच आहे; हा साधारण ४४ मीटर, तो ४३.५.

तुमच्या बारा फुटांना एकास बाराचे प्रमाण बरोबर बसते. पीएसएलव्हीचा बुंधा २.८ मीटर व्यासाचा, तो २३ सेंटिमीटर होईल. टोकाचा उष्णतारोधक टोप ३.२ मीटरचा, म्हणजे २७ सेंटिमीटर. तो खालच्या भागापेक्षा फुगीर दिसलाच पाहिजे. बाजूची सहा नळकांडी एकेक मीटर व्यासाची, म्हणजे ८.३ सेंटिमीटर. ९० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप त्याला चालून जातो. ज्वाळा दाखवणार असाल तर सहापैकी चारांखालीच दिवे लावा. चार जमिनीवर पेटतात, उरलेली दोन उड्डाणानंतर सुमारे २५ सेकंदांनी हवेत. उड्डाणाचा मोठा फोटो काढून मोजा, दिसेल.

तयारीच्या फोटोंचा क्रमही रॉकेटगणिक बदलतो. सी२५ ची जुळणी श्रीहरिकोट्याच्या पहिल्या तळावर, तळावरच झाली. रॉकेटभोवती चाकांवर सरकणारा उंच मनोरा असतो, त्याच्या आत एकेक टप्पा चढवतात, आणि उड्डाणाआधी मनोरा मागे घेतात. त्यामुळे मनोऱ्याच्या पोटातले रॉकेट आधी आणि मोकळे उभे असलेले नंतर, असे लावा. एलव्हीएम-३ ची जुळणी वेगळ्या इमारतीत होते आणि चालत्या चौथऱ्यावर उभे करून त्याला दुसऱ्या तळावर नेतात. तिथे आधी घन इंधनाची दोन एस-२०० नळकांडी उभी राहतात, मध्ये द्रव इंधनाचा एल-११० येतो, त्यावर सी-२५ हा क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचा) टप्पा, आणि शेवटी टोपात बंद केलेले यान. चांद्रयान-३ चा टोपबंद भाग ५ जुलै २०२३ ला रॉकेटवर चढला, उड्डाण १४ जुलैला. चालत्या चौथऱ्यावरचा फोटो तुमच्या देखाव्यात आला, तर तो मंगळयानाचा नाही हे पाटी न वाचता सांगता येते.

आणि नाव सारखे म्हणून फसू नका : सी-२५ हा एलव्हीएम-३ चा टप्पा, सी२५ हे मंगळयानाच्या उड्डाणाचे नाव.

नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेचे रॉकेट तळावर उभे असलेले ढीगभर फोटो आहेत. कोणता कधीचा, कसे ओळखायचे?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, गंगापूर रोड)

नजरेने ओळखणे कठीण, कारण ते रॉकेट २०२२ मध्ये चार वेळा जुळणीच्या इमारतीतून तळाकडे निघाले : १७ मार्च, ६ जून, १६ ऑगस्ट आणि ३-४ नोव्हेंबरची रात्र. मधल्या काळात चाचणीतल्या अडचणी, २९ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबरला रद्द झालेले उड्डाण, मग 'इयन' वादळामुळे परत इमारतीत. अखेर १६ नोव्हेंबरला उड्डाण. त्याला वाहून नेणाऱ्या क्रॉलर या अवाढव्य वाहनाचे स्वतःचे वजन सुमारे ३००० टन. इमारत ते तळ हे सुमारे पावणेसात किलोमीटरचे अंतर कापायला त्याला आठ-दहा तास लागतात. म्हणून एकाच फेरीचे फोटो रात्रीचेही असतात आणि उन्हातलेही.

तारीख क्रमांकात असते. ज्या केंद्रातून हे रॉकेट उडाले त्या नासाच्या केनेडी केंद्राच्या अलीकडच्या फोटोंचा क्रमांक 'केएससी'ने सुरू होतो, पुढे वर्ष, महिना, दिवस सलग लिहिलेले, मग 'पीएच' आणि छायाचित्रकाराची आद्याक्षरे. २०२२०३१७ दिसले की मार्चची फेरी, २०२२११०४ दिसले की नोव्हेंबरची. संग्रहातल्या शोधचौकटीत ही अंकांची माळ इंग्रजी अंकांत टाकून पाहा, त्या दिवसाचे फोटो पुढे येतात. 'रॉकेट' असा मोघम शब्द टाकलात तर हजारोंच्या गर्दीत हरवाल. 'रोलआउट' (तळाकडे नेणे), 'स्टॅकिंग' (टप्पे चढवणे), 'एन्कॅप्सुलेशन' (टोपात बंद करणे) असे कामाचे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाका.

इतर केंद्रांच्या पद्धती वेगळ्या. 'पीआयए'ने सुरू होणारा क्रमांक नासाच्या ग्रहमोहिमांच्या फोटो-जर्नल या संग्रहाचा. व्हॉयेजर-१ यानाने १४ फेब्रुवारी १९९० ला टिपलेला पृथ्वीचा फिकट निळा ठिपका हा पीआयए००४५२, आणि त्याचीच २०२० मध्ये नव्याने प्रक्रिया केलेली प्रत पीआयए२३६४५. दोन्ही खरे, पण शेजारी लावले तर रंग जुळत नाहीत. प्रकल्पात कोणता वापरला ते लिहा.

उड्डाणाचे इतक्या जवळचे फोटो काढणारा माणूस जळत कसा नाही?
(सातवी, सिडको)

तो तिथे नसतोच. कॅमेरा आदल्या दिवशी तळाजवळ तिपाईवर घट्ट बांधून ठेवतात आणि आवाज झाला की आपोआप फोटो काढणारे यंत्र त्याला जोडतात. रॉकेट गरजले की कॅमेरा चालू. माणसे पाच-सहा किलोमीटर लांब. रात्रभरात भिंगावर दव धरते, ही यातली मोठी डोकेदुखी. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका उड्डाणानंतर गवताला आग लागून नासाचे छायाचित्रकार बिल इंगल्स यांचा कॅमेरा वितळला होता, आणि गंमत म्हणजे तो त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी तळापासून सर्वांत लांबचा होता. आतले कार्ड शाबूत निघाले.

नासाचे फोटो फुकट आहेत म्हणतात. फ्लेक्सवर प्रायोजकाचे नाव टाकले तर चालेल का? इस्रोचेही तसेच का?
(फ्लेक्स-छपाई व्यावसायिक, शालिमार)

नासाने स्वतः काढलेल्या फोटोंवर सहसा अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो. 'सौजन्य : नासा' एवढे लिहावे. पण नासाचे गोल निळे बोधचिन्ह प्रायोजकाच्या नावाशेजारी लावू नका, आणि अंतराळवीराचा ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत वापरू नका. नासा त्या दुकानाची शिफारस करते असे वाटेल तिथे नियम आड येतात. त्याच संग्रहात कंपन्यांचे आणि इतर संस्थांचे फोटोही असतात, म्हणून खालची श्रेय-ओळ वाचल्याशिवाय छापू नका. युरोपीय अंतराळ संस्थेचे काही फोटो श्रेय देऊन, आणि त्यातून केलेले आपले कामही त्याच अटींवर खुले ठेवून, वापरता येतात, सगळे नाही.

इस्रोला नासाचा नियम लावणे चूक. आपल्याकडे सरकारी कामावर प्रकाशनापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. संकेतस्थळावरचे धोरण वाचा आणि ई-मेलने परवानगी मागा. पत्रात फोटो, आकार, जागा आणि दिवस लिहा. हे उत्सवाच्या आदल्या आठवड्यात करायचे काम नाही.

'भारताचे पहिले रॉकेट सायकलवरून नेले' आणि 'उपग्रह बैलगाडीतून नेला', हे दोन फोटो खरे का?
(निवृत्त कर्मचारी, सातपूर)

फोटो दोन्ही खरे, ओळी अर्ध्या. केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला उडाले, ते अमेरिकी बनावटीचे नाइके-अपाचे. सायकलवर रॉकेटचे टोक नेणारा तो प्रसिद्ध फोटो १९६६ चा आणि फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा. म्हणजे 'पहिले रॉकेट' हेही चूक आणि 'सौजन्य : इस्रो' हेही.

बैलगाडीवरचा उपग्रह म्हणजे 'अॅपल', १९८१ मध्ये एरियान रॉकेटने गेलेला. गाडी परवडत नव्हती म्हणून बैल जुंपले, ही नंतर चिकटवलेली कथा. अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात करायची होती आणि खाली धातूचा सांगाडा असता तर रेडिओलहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडले असते. लाकडी गाडीने ते टळले. हुशारीच्या कामावर गरिबीची ओळ छापली जाते, हे आम्हाला खटकते.

चंद्रावरच्या फोटोंत बारीक फुल्या का असतात? काही ठिकाणी फुली वस्तूच्या मागे गेलेली दिसते, मग फोटो जोडलेला का?
(अकरावी, कॉलेज रोड)

नाही. अपोलो मोहिमांत चंद्रावर उतरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढे एक काचपट्टी होती, तिच्यावर पाच ओळींत पाच अशा २५ फुल्या कोरलेल्या. मधली इतरांहून मोठी. दोन फुल्यांतले अंतर १० मिलिमीटर. फिल्म कुठे ताणली गेली का, ते त्यावरून कळते. मोजमापही करता येते : ६० मिलिमीटरच्या भिंगातून सहा मीटरवरची एक मीटर रुंद वस्तू फिल्मवर १० मिलिमीटर भरते, म्हणजे बरोबर एका फुलीपासून दुसरीपर्यंत. फुली 'मागे' जाते ती झगझगीत पांढऱ्या भागावरच. तिथला उजेड फिल्मच्या थरात आजूबाजूला पसरून बारीक काळी रेघ गिळून टाकतो. मूळ स्कॅन मोठा करून पाहा, रेघेचा पुसटसा अंश बहुधा सापडतो. लहान प्रतीत तोही उरत नाही.

जाता जाता : शाळेच्या भिंतीवर 'नील आर्मस्ट्राँग' म्हणून लावतात तो शिरस्त्राणाच्या काचेत प्रतिबिंब असलेला फोटो, एएस११-४०-५९०३, बझ ऑल्ड्रिनचा आहे. आर्मस्ट्राँग त्या काचेतल्या प्रतिबिंबात, फोटो काढताना दिसतो. चंद्रावर कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याच हाती होता. तो स्वतः हवा असेल तर ५८८६ पाहा, यानाजवळ पाठमोरा उभा. ५९०३ च्या प्रसिद्ध प्रतीत डोक्यावरचे काळे आकाश नंतर वाढवलेले आहे. मूळ चौकट वर फारच घट्ट कापली गेली होती.

चांद्रयान-२ चा मूळ डेटा इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावरून उतरवला, पण फाइल उघडत नाही.
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, आडगाव)

नोंदणी करून डेटा मिळाला म्हणजे अवघड भाग झाला. तिथे प्रत्येक चित्राच्या दोन फाइली असतात : आकड्यांची 'आयएमजी' आणि तिचे वर्णन करणारी 'एक्सएमएल'. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये, मूळ नावानेच ठेवा. क्यूजीआयएस हे नकाशांचे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात एक्सएमएल ओढून टाका, आयएमजी नव्हे. चित्र काळेकुट्ट दिसले तर घाबरू नका; कॉन्ट्रास्टमध्ये खालचे आणि वरचे दोन-दोन टक्के सोडून ताण द्या. ओएचआरसी या यानावरच्या सर्वांत बारकाईने टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १०० किलोमीटर उंचीवरून पाव मीटरचा आणि पट्टा ३ किलोमीटर रुंद, म्हणजे आडवे १२,००० पिक्सेल. चार जीबी रॅमचा लॅपटॉप तिथे मान टाकतो. आधी टीएमसी-२ या नकाशासाठीच्या कॅमेऱ्याची, पिक्सेलमागे ५ मीटरवाली चित्रे उघडून हात बसवा, आणि ओएचआरसीचा हवा तेवढाच तुकडा कापून वेगळा सेव्ह करा.