‘काहून बोलत नाही व?’

टोरांटोजवळून एका मुलीचं पत्र आलंय. माहेर अमरावतीचं, सासर दारव्ह्याकडचं. घरी कपाशी आणि तूर. तिच्या ऑफिसात सगळ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. सोळा प्रकार, प्रत्येकाचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं; त्यांतला तिचा निघाला अंतर्मुखांचा. ‘निकाल वाचून डोळ्यांत पाणी आलं, बाई,’ ती लिहिते, ‘इतकी वर्षं वाटत होतं माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ आता डिसेंबरात तीन आठवडे गावी यायचंय, आणि मागच्या खेपेची आठवण अजून ताजी आहे. उठल्यापासून ओसरीवर माणसं, आणि ‘काहून बोलत नाही व?’ हे दिवसातून दहादा. ती आत जाऊन बसली तर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, ‘लय शिकली न, थे काय बोलते आमच्यासंगं.’ नवरा बोलका, तो आल्या दिवसापासून पारावर. आणि आता अकरा वर्षांचा मुलगाही पाहुणा आला की ‘मी इंट्रोव्हर्ट आहे’ म्हणून दार लावून घेतो. तिचा प्रश्न असा: ‘माझा स्वभाव असा आहे, हे त्यांना कसं समजावू?’

मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

आधी माझं सांगते. सल्ला देणारी कोणत्या मातीची आहे ते तुला कळलेलं बरं. मी बोलकी. एसटीत बसले की दिग्रस येईस्तोवर शेजारच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं, दूध पुरतं की नाही, हे सगळं मला ठाऊक झालेलं असतं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तिथे हा स्वभाव कामी आला. घरात मात्र तो रोज कुठे ना कुठे आडवा येतो. फोनवर असले की दूध उतू जातं. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते, आणि बहुतेक वेळा चुकीचं. मला काय वाटतंय ते मला बोलल्याशिवाय कळतच नाही; म्हणजे माझं पहिलं बोलणं हा कच्चा खर्डा असतो आणि घरचे त्याला निकाल समजतात. आमच्या ह्यांचं नेमकं उलट. मंगळवारी विचारलेल्या गोष्टीला गुरुवारी ‘हो’ येतं. लग्नानंतर कित्येक वर्षं मला वाटायचं, हा माणूस ऐकतच नाही. तो ऐकत होता, नुसता आत घोळवत होता.

आणि एक गोष्ट सांगते, जी सांगताना अजून जीभ जड होते. मुलगा स्टुटगार्टला असतो. तीन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. त्याने रविवारी फोनवर मला सांगितलं, आणि मी सोमवारी भजनी मंडळात. चुगली म्हणून नव्हे हं. मला दुःख झालं की ते तोंडावाटे बाहेर पडतं, मन हलकं करायची माझी तीच एक रीत. बुधवारी त्याच्या मावससासऱ्यांचा त्याला धीर द्यायला फोन गेला. पोरगा मला काही बोलला नाही. पुढे वर्षभर मात्र फोनवर हवामान आणि जेवण, एवढंच. ‘काय चाललंय?’ ‘बरं चाललंय.’ मी म्हणायची, बापावर गेला, घुमा आहे. तो घुमा नव्हता. मला सांगायचं त्याने थांबवलं होतं, बाकी सगळ्यांशी तो बोलतच होता. स्वभावाचं नाव किती सोयीचं असतं बघ: त्याला घुमा म्हटलं की माझ्याकडे बघायची गरज उरत नव्हती.

म्हणून तुझ्या त्या चार अक्षरांकडे मी जरा संशयाने बघते. युंग या स्विस डॉक्टरांनी १९२१ च्या पुस्तकात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी मांडली. तिच्यावरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बसवली. दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण माणसं न्याहाळण्याचं वेड दोघींना होतं. तसं वेड आपल्याकडे प्रत्येक गावात एका तरी म्हातारीला असतंच. अडचण त्यांच्या निरीक्षणात फारशी नाही, ती मधोमध रेघ मारून इकडचे आणि तिकडचे करण्यात आहे.

तुझ्या सासरच्यांना हे एका मिनिटात कळेल, कारण दर हंगामात ते कापूस खरेदी केंद्रावर गाडी घेऊन उभे असतात. हमीभावात ओलाव्याची अट असते: ८ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, पुढे १२ पर्यंत कपात, आणि १२ च्या वर गेला की माल परत. एकाच्या कापसात ११.८ निघतो, दुसऱ्याच्या १२.२. मुठीत धरला तर दोन्ही सारखेच. पण एकाची गाडी खाली होते आणि दुसरा भरली गाडी घेऊन घरी येतो. शिवाय तोच कापूस सकाळी दंवात वेचला तर यंत्राचा काटा वर जातो, ऊन लागू दिलं तर खाली येतो. चाचणीचंही तेच. बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचं निदान एक तरी अक्षर बदलतं. तू ती कधी भरलीस? महिनाअखेरीला, कामाच्या रगाड्यात? मग तो दंवातला कापूस.

स्वभाव नसतोच, असं मात्र मी म्हणत नाही. आज संशोधक प्रकारांपेक्षा पाच पैलूंबद्दल जास्त बोलतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि मन लवकर डहुळण्याची वृत्ती. प्रत्येकात प्रत्येक जण कमी-जास्त. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं ते असं की माणसामाणसांतल्या या फरकांपैकी जवळपास निम्मा अनुवंशाने येतो. तेव्हा ‘खोट आहे’ हा विचार सोडलास ते फार चांगलं केलंस. चाचणीने तेवढं दिलं असेल तर तिचे पैसे वसूल झाले. पुढचं काम तिच्याकडून करून घेऊ नकोस.

वर्ध्याजवळ पवनारला गेली आहेस का? धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. लहानपणापासून पुस्तकात आणि ध्यानात रमणारा माणूस. तोच १९५१ मध्ये भूदानासाठी निघाला आणि तेरा वर्षं गावोगाव पायी हिंडत लोकांशी बोलला, जमीन मागितली. आणि त्याच माणसाने २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळलं. आता सांग, कोणतं अक्षर लावायचं? काम पुढ्यात आलं तेव्हा बोलले, काम सरलं तेव्हा गप्प झाले.

आता तुझे तीन आठवडे.

गावात गप्प बसणं हा गुन्हा नाही. शंभर उंबऱ्यांच्या गावात दहा-पंधरा माणसं तरी अशी असतात की ज्यांचा आवाज लग्नात आणि मयतीलाही ऐकू येत नाही. त्यांना कोणी गर्विष्ठ म्हणत नाही, कारण ती तिथे असतात. डोळ्यांत येतं ते उठून आत जाणं, आणि त्याहून जास्त, रिकाम्या हातांनी गप्प बसणं. रिकाम्या हाताच्या गप्प माणसाकडे सगळे बघतात. हाताला काम असलं की बघत नाहीत.

आणि तू येतेस ते दिवस तर सोल्यांचे. ओल्या तुरीच्या शेंगांची पाटी आत्याबाई, म्हणजे तुझ्या सासूबाई, सकाळीच अंगणात आणून ठेवत असतील. दुपारी सोलेभात, नाहीतर सोले-वांगे. पाटीसमोर जाऊन बस. मांडीवर सूप घे. शेंग अंगठ्याच्या नखाने पाठीवर दाबायची, ती फाटते, आणि चार दाणे एका ओळीत सुपात पडतात. दर वीस-पंचवीस शेंगांमागे एकीत अळी असते, शेंगेसारखीच हिरवी, दाणा अर्धा खाऊन वळवळत असते. ती कोंबडीकडे फेकायची. एका जेवणापुरते सोले निघायला दोन बायकांना तासभर लागतो. त्या तासात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. आधी अळीवर बोलणं होतं, मग यंदाच्या फवारणीवर, मग फवारणीच्या उधारीवर, आणि मधेच आत्याबाई मान वर न करता म्हणतील, ‘तुह्या सासऱ्याले शुगर निघाली, सांगतलं काय त्यानं?’ नाही सांगितलेलं. नवऱ्यालाही नाही. अशा गोष्टी ओसरीवर समोरासमोर बसून कळत नाहीत. तुझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या बाईजवळच त्या निघतात, कारण मधे तोडणारं कोणी नसतं. माझ्याजवळ कमी निघतात, हे मी अनुभवाने सांगते.

एकांताचं. तू लिहितेस की गावात दोन मिनिटं एकटीला मिळत नाहीत. वेचणीच्या दिवसांत सकाळी दहापासून दिवस कलेपर्यंत अर्धं गाव वावरात असतं. घरात म्हातारी आणि मांजर. तुला तो एकांत दिसला नाही, कारण तुला जेट लॅग होता. रात्री तीनला टक्क जागी, आणि दुपारी गाव ओस पडलं तेव्हा तू झोपलीस. संध्याकाळी लोक परतले, हातपाय धुऊन ओसरीवर टेकले, तेव्हा तू डोळे चोळत बाहेर आलीस. या खेपेला पहिले चार दिवस कसंही करून दुपारी जागी राहा.

त्यातूनही मोकळा श्वास हवा असला तर शब्द नीट निवड. ‘मला जरा एकटीला बसू दे’ म्हटलंस की घर गोळा होईल: बरं नाही का, कोण काही बोललं का, दृष्ट काढू का. ‘वावरातून येते’ म्हण. कोणी एक शब्द विचारणार नाही. धुऱ्याधुऱ्याने चालत जा, बोरीखाली बस, नशीब असेल तर लांबून रोही, म्हणजे नीलगाय, दिसेल. तासाभराने चार बोरं ओच्यात घेऊन परत ये.

राहिला प्रश्न सांगण्याचा. ते तू सांगूच नकोस, नवऱ्याने सांगायचं, आणि विमानात बसण्याआधी. पारावर बसायची त्याची हौस मी समजू शकते, मीही तिथेच बसले असते. पण आईचा लेक तो आहे. फोन करून म्हणायचं, ‘आई, थे पहिलेपासून कमी बोलते, रागावली नसते. गर्दी झाली का थकते, मंग वावरात जाऊन येते.’ बस. अंतर्मुख हा शब्द नको, अक्षरं तर नकोतच. गावाकडे त्यासाठी ‘कमी बोलते’ हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांत कोणाचाही अपमान नाही. आणि आल्यावर त्याने रोज निदान एका वेळेला पाहुण्यांजवळ स्वतः बसायचं. त्याचा स्वभाव बोलका आहे ना? मग तो घरासाठी खर्च होऊ दे.

मुलाचं मात्र मला खरंच टोचलं. तू चाळिशीत तो शब्द वाचलास तेव्हा तो आधार होता. अकराव्या वर्षी त्याच शब्दाची कडी झाली. कमी बोलायला आवडणं वेगळं आणि माणसांची भीती वाटणं वेगळं. पहिल्यात पोरगं सुखात असतं, दुसऱ्यात त्याला आत जाऊनही चैन नसते. दार लावल्यावर तो मजेत चित्रं काढत बसतो, की बाहेरच्या आवाजाला कान लावून? ते तूच बघ. दुसरं असेल, आणि शाळेतही तसंच असेल, तर तिथल्या शिक्षकांशी बोल, लागलं तर समुपदेशकाशी. पहिलं असेल तर त्याला गावात एकच काम दे. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या-पेला नेऊन द्यायचा. पाया पडायचं असेल तर पडायचं, नाव सांगायचं, पेला परत घेऊन आत यायचं. एवढं झालं की त्याची सुटी. नंतर ‘ये न बाबू, बस न’ म्हणून कोणी ओढलं तर तू मधे पड. सुरुवात आणि शेवट ठरलेला असला की गप्प पोरं मोठमोठी कामं करतात; वर्गात मी हे किती वेळा पाहिलंय.

ताजा कलममध्ये तू विचारतेस, ती चाचणी मराठीत करून आत्याबाईंना भरायला द्यावी का, म्हणजे त्यांनाही स्वतःचा स्वभाव कळेल. खुशाल दे. मी आमच्या शेजारणीवर करून बघितली. पासष्ट वर्षांची बाई, सपरीत वाती वळत बसली होती. तिला पहिला प्रश्न वाचून दाखवला: तुम्हाला कार्यक्रमाला जायला आवडतं की घरी राहायला?

तिने सरकी काढलेला कापूस मांडीवरून बाजूला केला आणि विचारलं, ‘कोनाच्या घरचा कार्यक्रम हाय?’

समज कोणाच्याही, मी म्हटलं.

‘असं कसं कोनाच्याबी? पाटलाच्या घरचा असन तं नाही जात मी. गेल्या साली रोडग्याच्या जेवणाले बलावलं नाही त्यायनं.’

मग रोडग्याच्या जेवणाला कोण कोण होतं, वांग्याची भाजी कोणी केली होती आणि ती कशी खारट झाली, हे सगळं निघालं. बोलण्यात मीही होतेच. दुसऱ्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलो नाही.