वाचकांचे प्रश्न : ब्रेकचा आवाज नेमका केव्हा येतो?

प्रश्न : आमचे घर वेंगुर्ल्यात किनाऱ्यालगत आहे. सहा वर्षे जुनी हॅचबॅक अंगणात उघड्यावरच उभी असते आणि आठवड्यातून एकदोनदाच बाहेर निघते. सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकना खरखर होते आणि मग थांबते. मात्र गणपतीनंतर कोल्हापूरला जाऊन आंबोली घाटाने परतल्यापासून पुढच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाजही येऊ लागला आहे, आणि गंमत म्हणजे ब्रेक दाबला की तो बहुधा बंद होतो. गॅरेजमध्ये चाक न उघडताच पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील असे सांगण्यात आले. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे नीट टिपले आहे आणि निदानासाठी तेच अधिक उपयोगाचे असते. आपल्या गाडीत दोन वेगळे आवाज असून त्यांची कारणेही वेगळी आहेत.

सकाळची खरखर काळजीची नाही. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, बिडाची असते आणि तिला रंग देता येत नाही, त्यामुळे खाऱ्या, दमट हवेत रात्रभरात तिच्यावर तांबूस गंज धरतो आणि पहिल्या काही ब्रेकना तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड तो पुसून काढतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीत हे होते. त्यासाठी डिस्क बदलण्याचे कारण नाही. गाडी दीर्घकाळ उभी राहून गंजाने पृष्ठभागावर खड्डे पाडले असतील, किंवा नख फिरवल्यावर अडकेल इतक्या खोल चरी पडल्या असतील, तरच डिस्कचा विचार करावा.

चिरका आवाज मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुष्कळ गाड्यांच्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ते झिजून २ ते ३ मिलिमीटरवर आले की ही जीभ फिरत्या डिस्कला टेकून चिरकू लागते आणि ब्रेक दाबल्यावर ती दबली गेल्याने आवाज अनेकदा थांबतो. आपल्या वर्णनाशी हे जुळते. परंतु आवाज एकाच चाकातून येत असल्यामुळे, तिथलेच पॅड आधी का झिजले, हाही प्रश्न विचारायला हवा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीचा, पिस्टन डिस्कच्या आतल्या बाजूलाच असतो. तो आतले पॅड दाबतो आणि त्याच जोराने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. या पिनांवरचे रबरी बूट फाटले की खारट पाणी आत शिरते, ग्रीस वाळते आणि पिना जाम होतात. मग ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कवर किंचित घासत राहते आणि एक पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी संपते. कोकणात डिस्कवरच्या दिसणाऱ्या गंजाची चर्चा फार होते, पण ब्रेक बिघडवतो तो या पिनांमध्ये आणि पॅडच्या खाचांत दडलेला गंज, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय लांब उतार ब्रेक दाबून उतरल्यास असे पॅड आणखी तापते आणि त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन वेगळाच किंचाळा सुरू होतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा, हे आपण जाणतच असाल.

पिना जाम आहेत का, याचा अंदाज घरीही घेता येतो. थोडे अंतर चालवून थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न लावता तळवा धरून पाहावा. डावीकडची धग स्पष्टपणे जास्त असेल, किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर शंका पक्की समजावी. रिमच्या फटींतून टॉर्चने बाहेरचे पॅड दिसते, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण आधी संपते ते बहुधा आतले, आणि ते पाहण्यासाठी चाक काढावेच लागते. चाक उघडलेच आहे तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये जांभ्याचा खडा अडकलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. लाल मातीच्या रस्त्यांवर हे वरचेवर घडते आणि त्याचाही आवाज ब्रेक न दाबता येतो.

गॅरेजमध्ये आपल्यासमोर चारही पॅड काढून मोजायला सांगावेत. पिना हाताने सहज सरकत नसतील तर त्या साफ करून, फाटलेले बूट बदलून, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. नेहमीचे चेसिस ग्रीस चालत नाही, कारण त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगते. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजलेली जाडी त्यापेक्षा पुरेशी जास्त असेल आणि पृष्ठभाग ठीक असेल तर डिस्क बदलू नये. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. गाडी ताब्यात घेताना पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करावे, नाहीतर मागे ढकललेल्या पिस्टनमुळे पहिला ब्रेक लागतच नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, मध्ये थोडी उसंत देत, काही वेळा हळुवार ब्रेक लावून पॅड बसवून घ्यावेत.

आवाज बंद करण्यासाठी डिस्कवर तेलाचा फवारा मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. आवाज जाईल, पण त्याबरोबर ब्रेकही जातील. आणि चिरकण्याची जागा लोखंडावर लोखंड घासल्यासारख्या करकरीने घेतली, तर गाडी तिथेच उभी करून मेकॅनिकला बोलवावे.

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही मुंबईला असताना गाडी गुहागरच्या घरी दोन आठवडे उभी होती. परतल्यावर मागची चाके हलेनात. जोर लावल्यावर ‘टक्’ असा मोठा आवाज होऊन सुटली. काही मोडले असेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे मागच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे ब्रेक शूचे, लायनर (अस्तर) गंजून ड्रमला चिकटले असणार. मोडतोड क्वचितच होते, पण लायनर पट्टीपासून सुटू शकते. म्हणून ड्रम एकदा उघडून पाहावेत. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नये, ती फुफ्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसावी. पुढच्या वेळी सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. तरीही चाके चिकटलीच, तर जोर न लावता गाडी पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये अलगद पुढे-मागे झुलवावी.

प्रश्न : नवी गाडी सुरू करून फाटकाबाहेर काढली की पुढून क्षणभर ‘घर्र’ असा आवाज येतो. ब्रेकशी संबंध आहे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आहे, पण दोष नाही. अनेक गाड्यांत एबीएस (जोराचा ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी) यंत्रणा सुरुवातीला, गाडीने थोडा वेग घेताच, आपली मोटर एकदा फिरवून स्वतःची तपासणी करते. डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा विझत नसेल, तरच सर्व्हिस सेंटर गाठावे.